व्हाळ कागदावर आणा

खाणीचा पर्यावरण अहवाल हातात आला की मी पाण्याचं प्रकरण आधी उघडते. नोकरीत लागलेली सवय. राज्याच्या भूजल खात्यात असताना जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा ठरलेल्या महिन्यांत निरीक्षण विहिरींची पातळी मोजायची असे. विहीर तीच, माणूस तोच, टेपही तीच, पण ऑक्टोबरात हाताला लागणारं पाणी मे महिन्यात कितीतरी खाली गेलेलं. त्यामुळे पाण्याविषयी कुणी काही ठामपणे लिहिलं की मला पहिला प्रश्न पडतो तो महिन्याचा.

या अहवालांमध्ये महिना कोणता असतो? खाणींसाठीच्या ठरावीक कार्यकक्षेत एका हंगामाची मोजणी पुरते आणि तो हंगाम पावसाळा सोडून घ्यायचा असतो. म्हणजे बहुधा मार्च ते मे. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा पलीकडे डिचोली, सांगे या तालुक्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. तिथल्या डोंगराचं पाणी एप्रिल-मेमध्ये मोजायचं आणि लिहायचं : ‘प्रस्तावित क्षेत्रात काही हंगामी नाले असून त्यांत प्रवाह आढळला नाही.’ हे वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच ते खोडायला अवघड. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशातही बारमाही प्रवाह निळा आणि आटणारा प्रवाह काळ्या रेघेचा. शहरातल्या सल्लागार कंपनीत बसून अहवाल लिहिणाऱ्याला ती काळी रेघ ओलांडून जायला काहीच लागत नाही.

त्या काळ्या रेघेवर काय काय चालतं ते मी तिथे राहून पाहिलेलं आहे. पहिल्या जोरदार पावसात चढणीचे मासे वर येतात ते याच व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, आणि रात्री बत्त्या घेऊन अख्खी वाडी त्यांच्यामागे. भात कापून झालं की दगडमातीचा बांध घालून पाणी अडवतात, पाटाने फिरवतात. त्याच्यावर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, पिकतं, पोफळीची बाग जगते. फेब्रुवारीत वाहणं थांबतं, पण कोंडींमध्ये, म्हणजे पात्रातल्या खोल डोहांत, पाणी राहतं आणि काठच्या विहिरी त्या जोरावर मे महिना काढतात. प्रत्येक व्हाळाला नाव, प्रत्येक कोंडीला नाव. कुठली कोंड कधीच आटली नाही आणि कुठली कोणत्या वर्षी आटली, हे गावातली माणसं विचारल्याबरोबर सांगतात. ही माहिती भूजल खात्यातल्या आमच्या नोंदवह्यांत नव्हती. सल्लागाराच्या अहवालात तर ती येण्याचा प्रश्नच नाही.

ती सरकारी फायलीत शिरायला आज एकच दार आहे : लोकांची लेखी हरकत. खाणीच्या जनसुनावणीत द्यायची ती, आणि केंद्र सरकार नियमांचा मसुदा काढून साठ दिवसांत मागवतं तीही. हे दार आपण फार कमी वापरतो. वापरलं तरी चुकीच्या रीतीने वापरतो, असं माझं मत आहे, आणि त्यासाठीच हा लेख.

आधी थोडं डोंगराच्या पोटाबद्दल. आपल्याकडचा सडा, डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, म्हणजे डोंगराच्या डोक्यावर ठेवलेला रांजण आहे. वरचा जांभा सच्छिद्र. पाऊस त्यात मुरतो आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर साठत राहतो. जांभा आणि चिकणमाती यांची सीमा जिथे उघडी पडते तिथे झरा फुटतो, आणि व्हाळाचा उगम तिथला. लोहखनिजाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या चिकणमातीखालचं भुगाभुगा खनिज स्वतःच पाणी धरून असतं. गोव्यातल्या भूजलाच्या अभ्यासांतून हे पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. कंपनीला जे खनिज म्हणून हवं आहे, तेच गावाचं पाणी साठवणारा थर आहे. दोन्ही एकाच जागी असल्यावर ‘खनिज काढू आणि पाण्याला धक्का लावणार नाही’ हे वाक्य बोलायला सोपं, पाळायला कठीण.

खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की पंप लागतात. रात्रंदिवस उपसलेलं पाणी व्हाळात सोडतात आणि मग भर एप्रिलमध्ये व्हाळ वाहताना दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, खाणीने पाणी वाढवलं. खरं तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जाऊन तिथून बाहेर पडत असतं. दुसरी गोष्ट मातीची. गोव्यात एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन टाकाऊ माती निघते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. ती ठेवायला सपाट जागा नसते, म्हणून ती डोंगरउतारावर रचली जाते. खाली गाळ अडवायला तळी खोदतात, पण आपल्या जुलैपुढे ती तळी किती टिकतात हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. लाल गाळ व्हाळात, व्हाळातून मळ्यात. वाळला की त्याचा कडक थर बसतो आणि त्यात भाताचं रोप मूळ धरत नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याच्या खाणीचा बांध फुटून चिखलाचा लोंढा खाली आला, तो अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. तो एका दिवसाचा होता म्हणून बातमी झाली. दर पावसात थोडाथोडा उतरणारा गाळ बातमीत येत नाही.

मग यावर नियम नाहीत का? आहेत. खाणपट्ट्याच्या करारात कलम असतं की रेल्वेमार्ग, जलाशय, कालवा, सार्वजनिक बांधकामं आणि वस्ती यांच्यापासून ५० मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय खोदकाम करायचं नाही. ही यादी पुन्हा वाचा. सिमेंटने बांधलेला कालवा तिच्यात आहे, धरण आहे. डोंगरातून आपोआप वाहणारा व्हाळ नाही, कारण तो कुणी बांधलेला नाही. पर्यावरण मंजुरीच्या पत्रात ‘नैसर्गिक जलप्रवाहात अडथळा येता कामा नये’ अशी अट घातलेली असते, पण किती अंतर ठेवायचं, पावसाळ्यातल्या की उन्हाळ्यातल्या प्रवाहाच्या काठापासून मोजायचं, हे त्यात नसतं. माझ्या मते आपल्या हरकतींचा पहिला रोख इथे हवा. कालव्याला जे संरक्षण आहे ते आटणाऱ्या व्हाळालाही द्या, अंतर मीटरमध्ये लिहा, आणि मोजणी ऑक्टोबरातल्या काठापासून करा. ‘निसर्ग वाचवा’पेक्षा हे कोरडं वाटेल. पण मंजुरीचा प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीला उत्तर द्यावं लागतं ते अशाच मागणीला.

उत्तर द्यावंच लागतं, हे मी मनाने म्हणत नाही. गोव्यातल्या एका लोहखाणीच्या मंजुरीविरुद्धच्या याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये सांगितलं की जनसुनावणीत आलेल्या हरकतींचा विचार केला असं नुसतं म्हणून तज्ज्ञ समितीला सुटता येणार नाही. तो विचार कारणांसह नोंदीत दिसला पाहिजे. ‘उत्कर्ष मंडळ’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. पुढे गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली, तेव्हाही कागदावर काय आलं आणि समितीने त्याचं काय केलं याचीच तपासणी झाली. त्या विमानतळाला नंतर अटींसह परवानगी मिळाली, हेही सांगायला हवं. निकाल आपल्या बाजूने लागेलच असं नाही, पण जी हरकत कागदावर नाही ती न्यायालयापुढेही नसते.

सुनावणीत आमचे लोक काय करतात ते मी अनेक ठिकाणी मंडपात मागे बसून पाहिलं आहे. घोषणा होतात, माइक ओढला जातो, कुणी म्हणतं उधळून लावा. राग समजतो. पण पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना एकदा नीट वाचावी. तिच्यात गणसंख्येची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. मतदानही नाही. समोर बसलेले अपर जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी हो किंवा नाही ठरवत नाहीत, ते फक्त नोंदवून पाठवतात. आणि एक कलम तर फारच थोड्यांना ठाऊक आहे : स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येणार नाही असा अहवाल गेला, तर सुनावणीशिवायच फाइल पुढे जाऊ शकते. बंद पाडलेल्या सुनावणीचा फायदा कुणाला मिळतो, याचा विचार घोषणा देणाऱ्यांनी करावा. याउलट ज्या सुनावणीत चाळीस बायका उठून एकेका विहिरीचं पाणी सांगतात, त्यात सल्लागाराची खरी पंचाईत होते. इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ते ऐकल्याशिवाय मंडप सोडू नये. आपलं म्हणणं त्यात नसेल तर तिथेच सांगावं.

नियमांच्या मसुद्यांची गोष्ट वेगळी. तिथे मंडप नसतो. दिल्लीच्या राजपत्रात छापून येतं आणि त्या दिवसापासून साठ दिवस सुरू होतात. आपल्या गावात बातमी कधी पोचली याला महत्त्व नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. त्यात महाराष्ट्राचं १७ हजार ३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होतं, खाणकाम आणि वाळूउपशावर पूर्ण बंदीचा प्रस्ताव होता, चालू खाणी पाच वर्षांत किंवा पट्ट्याची मुदत संपेल तेव्हा बंद करण्याची तरतूद होती. त्या साठ दिवसांतच, ७ सप्टेंबरला, गणपती. कोकणात त्या दिवसांत राजपत्र कोण वाचणार? त्याआधी २०२० चा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा मसुदा राजपत्रात आला तो ११ एप्रिलला, देश टाळेबंदीत असताना. जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचा त्यात प्रस्ताव होता. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली, बावीस भाषांत मसुदा द्यायला सांगितलं, आणि लोकांनी लाखोंच्या संख्येने हरकती पाठवल्या. तो मसुदा त्या रूपात कायदा झालेला नाही.

म्हणून सगळं जिंकलं असं मी म्हणणार नाही. मसुदा थांबला, पण त्यातल्या गोष्टी छोट्या छोट्या आदेशांतून आत येत राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजं आणि ‘महत्त्वाची व सामरिक’ खनिजं यांच्या खाणींना जनसुनावणीतून वगळलं, तेही एका कार्यालयीन पत्रकाने. कोकणात छोट्या चिरेखाणींना बहुतेक वेळा सुनावणी लागतच नाही, आणि गावागणिक अशा किती खाणी आहेत ते रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसतं. बोलायची जागा आकसत असताना जी उरली आहे ती रिकामी सोडणं मला परवडणारं वाटत नाही.

‘बाई, कागद रंगवन काय होतला?’ असं मला तळकोकणातल्या एका बागायतदाराने विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी गोड उत्तर देणार नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी या राज्यांत कोळशासाठी डोंगरांचे माथे उडवतात आणि दगडमाती खालच्या दऱ्यांत लोटतात. ओढ्यापासून शंभर फूट अंतर ठेवायचा नियम तिथे १९८३ पासून होता. तरीही सुमारे दोन हजार मैल लांबीचे ओढे त्या मातीखाली गाडले गेले, असा अमेरिकेच्याच सरकारी पर्यावरण संस्थेचा अंदाज. लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलं, सभांना गेले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अधिक कडक नियम आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्या सरकारने तो रद्दही केला. दोन महिने! त्या बागायतदाराला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणेल, बघा. मी त्याला म्हणेन, आपल्याकडचंही बघा. सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांनी आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ते वारंवार लिहून ठेवलं. सरकारने त्या ग्रामसभांचं ऐकलं नाही. पण मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली गावं संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याच्या दिशेने केंद्राला आदेश दिला. असे खटले उभे राहतात ते जुन्या कागदांवर.

आता रोजगाराचं. गोव्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या, थोड्या सुरू झाल्या, पुन्हा मार्च २०१८ मध्ये थांबल्या. ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता त्याच्या दारात हप्तेवाले उभे राहिले. त्याला ‘व्हाळ वाचवा’ सांगायला जाणाऱ्याने जरा जपून बोलावं. पण त्या ट्रकवाल्याचीही विहीर असते, आणि त्यानेही लिहावं असं मला वाटतं. खाण हवी असेल तर तसं लिहा. सोबत हेही लिहा की उपसा किती होणार, विहीर आटली तर टँकर कोण आणि किती वर्षं देणार, मळ्यातला गाळ कोण काढणार, खाण संपल्यावर त्या खड्ड्याचं काय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोव्यात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, म्हणजे ‘किती’ हा प्रश्न विचारता येतो. तो गावाच्या व्हाळापुरता विचारायला कुणाची हरकत असू नये.

तर लिहायचं कसं. एक पान पुरे, मराठीत, हाताने लिहिलं तरी चालतं. दोनशे जणांनी एकच छापील मजकूर सही करून दिला तर कारकून त्याची एक हरकत म्हणून नोंद करायला मोकळा होतो. दोनशे जणांनी आपापल्या विहिरीबद्दल चार ओळी लिहिल्या तर तसं करता येत नाही. व्हाळाचं नाव लिहा, तो कुठल्या सर्व्हे नंबरातून निघतो आणि कुठे मिळतो ते लिहा. कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, कोणती कोंड आटत नाही, त्याच्यावर किती घरं, किती पंप, किती गुंठे वायंगण. चढणीचे मासे कुठपर्यंत येतात. दर महिन्याला एकाच जागेवर उभं राहून मोबाइलने काढलेले फोटो जोडता आले तर फार उत्तम. एका मार्चच्या मोजणीपुढे तुमचे बारा फोटो जड ठरतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सांगून गावातल्या सगळ्या प्रवाहांची यादी ग्रामसभेच्या ठरावात घ्या आणि त्या ठरावाची प्रत जोडा. शेवटी मागणी स्पष्ट : पावसाळ्यासह किमान एका पूर्ण वर्षाची मोजणी झाल्याशिवाय हा अहवाल मान्य करू नये.

मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांनी आपण गावात नाही म्हणून गप्प बसू नये. सुनावणीला येता आलं नाही तरी संबंध असलेल्या कुणालाही लेखी म्हणणं पाठवता येतं, आणि ज्याचं घर, वाटा, विहीर गावात आहे त्याचा संबंध कुणी नाकारू शकत नाही. किमान आईवडिलांना फोन करून व्हाळाची माहिती लिहून घ्या. साठीच्या पुढची माणसं आहेत तोवर ती मिळेल.

नियमाचा मसुदा असेल तर पत्र पर्यावरण मंत्रालय, इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग, नवी दिल्ली या पत्त्यावर किंवा मसुद्यातल्या ईमेलवर जातं. खाणीची सुनावणी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे. सुनावणीआधी तीस दिवस संपूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि स्थानिक पातळीवर पाहायला ठेवलेला असतो; मराठी सारांशावर भागवू नका, पाण्याचं प्रकरण मूळ अहवालातच पाहा आणि मोजणीच्या तारखा उतरवून घ्या. पत्र हातात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का देणारा माणूस जेवायला गेला आहे असं सांगतील. तो येईपर्यंत बसा.